प्रॉपर्टी ट्रेनिंगचा 'फ्री सेमिनार' आणि रिटायर झालेले बाबा (ठाणे-नवी मुंबई)

सानपाडा_सई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बाबा नुकतेच रिटायर झाले. महापे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होते. पीएफ-ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाली आणि त्याच सुमारास फेसबुकने त्यांना हेरलं. 'अटल सेतू झाला, विमानतळ झाला, तुम्ही अजून एफडीच करताय?' अशी जाहिरात. वाशीच्या एका हॉटेलात दोन तासांचं मोफत सेशन, चहा-बिस्किटं, हातात चकचकीत फोल्डर. तिथेच १,९९९ रुपये भरून ठाण्यातल्या शनिवार-रविवारच्या वर्कशॉपची सीट घेऊन आले.

आता रोज फोन. कधी 'सरांच्या ऑफिसातून', कधी 'तुमची रिलेशनशिप मॅनेजर बोलतेय'. वर्कशॉपनंतर 'मेंटरशिप' म्हणून पुढचा कोर्स आहे, १ लाख ८५ हजार अधिक जीएसटी, म्हणजे २ लाख १८ हजार ३०० रुपये. शिकवणार काय, तर शून्य डाउन पेमेंटने फ्लॅट, प्री-लॉन्चला (अधिकृत विक्री सुरू व्हायच्या आधी) घुसून पझेशनच्या आधी बाहेर पडणं, दहा-बारा जणांनी मिळून बिल्डरकडून बल्क डील. बाबा म्हणतात, नुसतं ऐकायला काय जातंय. आईने अबोला धरलाय.

मला बाबांना वेड्यात काढायचं नाहीये. पण आत नक्की काय होतं, कुणी जाऊन आलंय का? मी सोबत जाऊ का? संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, धागा उडायला नको.

कोपरीकर

सोबत जाच. क्रेडिट कार्ड आणि चेकबुक घरी ठेवा. यूपीआयची रोजची लिमिट आदल्या रात्री पाच हजारांवर आणून ठेवा. बाकी ज्ञान इथली मंडळी देतीलच.

वाचनमात्र_वंदना

वाचतेय. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हीच जाहिरात फिरतेय बहुतेक.

तुर्भे_नाका

कॉलेज संपल्यावर काही महिने मी अशाच एका कंपनीत कॉलिंगला होतो. ती कंपनी आता नाही, तेच लोक दुसऱ्या नावाने बसलेत. त्यामुळे आतली रचना सांगतो, बघा जुळतेय का.

मोफत सेशनला दारात एक फॉर्म भरून घेतात. नाव, नंबर, नोकरी, राहतं घर स्वतःचं की भाड्याचं, आणि खाली 'गुंतवणुकीसाठी तयार रक्कम'. त्या शेवटच्या रकान्यासाठीच अख्खा फॉर्म असतो. आकडा बघून आम्ही बॅजच्या कोपऱ्यात छोटा रंगीत ठिपका लावायचो. समोरच्याला वाटायचं सीटिंगचा असेल. हिरवा ठिपका म्हणजे रिटायर झालेला, व्हीआरएस घेतलेला किंवा गावची जमीन विकलेला माणूस. चहाच्या वेळी ब्लेझरवाले नेमके हिरव्यांपाशीच का घुटमळतात ते आता कळेल.

वर्कशॉपला 'मिसेसना पण आणा, त्यांचं तिकीट आमच्याकडून' हा फोन येतोच. त्यामागे प्रेम नसतं. 'घरी विचारून सांगतो' हे वाक्य कुणाच्या तोंडी यायलाच नको, म्हणून घरच हॉलमध्ये आणायचं.

पहिल्या दिवशी खरंच थोडं शिकवतात. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) म्हणजे काय, कार्पेट-बिल्टअप, रेडी रेकनर (सरकारी दर). माणसाला वाटतं पैसे वसूल झाले. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण मुद्दाम लांबवतात. भुकेल्या, कंटाळलेल्या लोकांसमोर स्क्रीनवर किंमत येते : ४,५०,००० वर काट, २,९५,००० वर काट, आणि शेवटी १,८५,०००, 'फक्त या रूममध्ये, फक्त आज'. पहिल्या वीस जणांना सरांसोबत साइट व्हिजिट फुकट. आकडा दिसताच मागच्या टेबलांकडे चार-पाच जण अक्षरशः धावतात. ते आमचेच असायचे, जुन्या बॅचचे नाहीतर स्टाफचे मित्र. एक जण धावला की हॉल उठतो.

टेबलावर लॅमिनेट केलेला कागद असायचा. डावीकडे गिऱ्हाईक काय म्हणेल, उजवीकडे आपण काय बोलायचं. 'विचार करतो' – 'काका, विचार करण्यातच तीस वर्षं गेली ना?' 'पैसे नाहीत' – 'म्हणूनच तर तुम्ही इथे आलात.' 'मुलाला विचारतो' – 'मुलाला विचारून नोकरी केली होती का?' शेवटचं बायकांना वेगळं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पैसे नाहीतच म्हटलं की पॅन-आधार मागायचे आणि 'ईएमआय करून देतो' म्हणायचे. तो हप्ता नसतो, कर्ज असतं, एखाद्या एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपनीचं, माणूस खुर्चीवर बसल्याबसल्या मंजूर. कोर्सवाल्याला सगळे पैसे एकरकमी मिळतात, फेडणारे तुम्ही.

आणि लोक पैसे भरून उठले की लगेच कॅमेऱ्यासमोर. 'माझं आयुष्य बदललं' म्हणणाऱ्या माणसाने तोवर आयुष्यात एक कोर्स सोडून काहीही विकत घेतलेलं नसायचं. तेच व्हिडिओ पुढच्या महिन्याच्या जाहिरातीत.

आमचा इन्सेंटिव्ह जमा झालेल्या पूर्ण फीवर. नुसत्या टोकनवर दमडी नाही. म्हणून टोकन देऊन घरी गेलेल्या माणसाचा फोन त्या आठवड्यात थांबत नाही.

कोपरीकर

हिरवा ठिपका!! दंडवत.

घोडबंदर_इन्व्हेस्टर

नेहमीप्रमाणे मराठी माणसाने धंद्याचं नाव काढलं की इथे नकारघंटा. सगळेच चोर नसतात. मी स्वतः असा कोर्स केलाय. माइंडसेट बदलला, नेटवर्क मिळालं. इंजिनीअरिंगला दहा-बारा लाख घालता, त्याची गॅरंटी मागता का? गुजराती-मारवाडी फीचा विचार करत बसत नाहीत.

हिशेबनीस

खोचकपणा नाही, खरंच विचारतोय : कोर्सनंतर काय घेतलंत? भाडं किती, हप्ता किती?

घोडबंदर_इन्व्हेस्टर

तळोज्यात वन बीएचके. ग्रुप डीलमध्ये, मार्केटपेक्षा स्वस्त.

हिशेबनीस

भाडं-हप्ता?

घोडबंदर_इन्व्हेस्टर

भाडं ९ हजार. हप्ता २४ आहे पण भाड्यासाठी कोण घेतं, अप्रिसिएशन बघा. मेट्रो आली, एअरपोर्ट आला.

हिशेबनीस

फ्लॅट चांगला असेल, वाढेलही. पण दरमहा १५ हजार खिशातून घालता त्याला 'पॅसिव्ह इन्कम' म्हणत नाहीत, आणि कोर्सच्या जाहिरातीत तर तेच मोठ्या अक्षरांत असतं.

सई, आता शून्य डाउन पेमेंटचं बघू. मी सीए आहे, हे प्रश्न घेऊन क्लायंट येतात. रिझर्व्ह बँकेने घरकर्जाला मर्यादा घातलेली आहे : ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. त्यात स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन साधारणपणे धरता येत नाही. घोडबंदरला एक कोटीचा फ्लॅट धरा. बँक देणार जास्तीत जास्त ७५ लाख. तुमचे २५ लाख. ठाणे शहरात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे आणखी ७ लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार. बांधकाम सुरू असेल तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ५ लाख. झाले ३७ लाखांच्या वर, अजून पंखाही लावलेला नाही. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ७५ लाखांचा हप्ता साधारण ६५ हजार. तिथे भाडं २५-२८ हजार मिळालं तरी नशीब.

मग 'शून्य' येतं कुठून? दोन वाटा शिकवतात. एक, मार्जिनचे (आपल्या वाट्याचे) पैसे पर्सनल लोनवर उचला आणि घरकर्ज मंजूर होईपर्यंत ते बँकेला दिसू देऊ नका. दोन, अॅग्रीमेंटमध्ये किंमत फुगवा, त्यावर कर्ज काढा आणि फरक बिल्डरकडून 'कॅशबॅक' घ्या. दुसरी सरळसरळ बँकेची फसवणूक आहे आणि सही तुमची असते, गुरुजींची नाही. पूर्वी तिसरी वाट होती, '२० टक्के आता, ८० पझेशनला, मधले हप्ते बिल्डर भरेल'. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच पैसे सोडायला सांगितलं आणि २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून लांब राहायला सांगितलं. बिल्डर बुडाला की हप्ता ग्राहकाच्याच गळ्यात, हे बऱ्याच जणांनी भोगून झाल्यावर.

नेरुळचा_एजंट

मी या धंद्यात आहे, रेरा (बिल्डर आणि एजंटांसाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) खाली नंबर घेऊन, परीक्षा देऊन. (हो, २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट सक्तीचं केलंय. पन्नाशीत पेपर लिहिला मी.) त्यामुळे 'प्री-लॉन्च'बद्दल बोलायचा हक्क समजतो.

रेरा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही. छोटे प्रकल्प वगळता हे सगळ्यांना लागू. मग प्री-लॉन्चला पैसे घेतात ते 'एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट' नावाच्या कागदावर. त्यावर मजला नाही, फ्लॅट नंबर नाही, तारीख नाही. नोंदणी झालेल्या प्रकल्पातसुद्धा कलम १३ सांगतं, रजिस्टर्ड अॅग्रीमेंटशिवाय १० टक्क्यांच्या वर रक्कम घ्यायची नाही. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे रेरा नंबर पी ५१७ ने सुरू व्हायचे, पनवेल-तळोजा-उलवे रायगडात, तिथे पी ५२०. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. बाबांना सांगा, स्लाइडवर प्रकल्प दिसला की मोबाइल काढून तो कोड स्कॅन करा. कोड नसेल तर पुढचं ऐकायची गरज नाही.

आणि खरी गोम. हे 'मेंटर' विद्यार्थ्यांना बसमध्ये घालून साइटवर नेतात, ग्रुप डील करतात आणि बिल्डरकडून ब्रोकरेज घेतात. म्हणजे ते एजंट झाले. कलम ९ खाली नोंदणी हवी. नसेल तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार दंड, प्रॉपर्टीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. बिल्डर सगळ्यात जास्त ब्रोकरेज कशावर देतो? जे विकलं जात नाही त्यावर. त्यामुळे 'स्टुडंट्ससाठी स्पेशल इन्व्हेंटरी' म्हणजे काय असेल ते तुम्हीच ठरवा. फी विद्यार्थ्याकडून, दलाली बिल्डरकडून. लग्न कुणाचंही असो, मंडपवाल्याचं भाडं ठरलेलं.

विमानतळाचंही सांगतो. त्याच्या नावावर १९९०च्या दशकापासून इथे प्लॉट विकले जातायत. उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५ ला. मधल्या काळात नैनाच्या (विमानतळाभोवतालच्या नियोजित क्षेत्राच्या) नकाशावर बोट ठेवून किती शेतजमिनी शहाण्यासुरत्या लोकांना विकल्या गेल्या! महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेताच येत नाही, हे सेमिनारमध्ये शेवटच्या स्लाइडवर असतं. असलं तर.

जर्सीसिटीकर

हे सगळं वाचून हसू आलं, कारण हा नाटकाचा प्रयोग आमच्याकडचा आहे, तुमच्याकडे फक्त संच बदललाय. मोफत सेशन, मग तीन दिवसांचं वर्कशॉप, मग 'एलिट' मेंटरशिप. ट्रम्प युनिव्हर्सिटी आठवतेय? तीन दिवसांचे १,४९५ डॉलर, वरचं पॅकेज जवळपास ३५ हजार डॉलर. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने २०१३ मध्ये खटला भरला, विद्यार्थ्यांचे वेगळे खटले होतेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये, निवडणूक जिंकल्यावर दहा-बारा दिवसांत, २ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. चूक कबूल केली नाही, पण पैसे दिले. विद्यार्थ्यांना वर्कशॉपमध्येच क्रेडिट कार्ड कंपनीला फोन लावून लिमिट वाढवून घ्यायला सांगायचे, असा त्या खटल्यात आरोप होता. कोर्टामुळे त्यांची स्टाफसाठीची पुस्तिका उघड झाली. त्यात हॉलचं तापमान किती असावं हेसुद्धा लिहिलेलं आहे : ६८ फॅरनहाइटच्या वर नको. म्हणजे २० सेल्सिअस.

२०१९ मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि युटा राज्याने झुरिक्स नावाच्या कंपनीवर कारवाई केली. टीव्हीवरच्या घर-दुरुस्तीवाल्या सेलिब्रिटींच्या नावाने सेमिनार भरवायचे. पैसे परत मागणाऱ्यांकडून 'कुठे तक्रार करणार नाही, वाईट रिव्ह्यू लिहिणार नाही' अशा सह्या घ्यायचे, हाही आरोपांचा भाग होता.

एक फरक मात्र आहे. अमेरिकेत हॉटेलच्या हॉलसारख्या तात्पुरत्या जागी विकलेल्या गोष्टीला तीन कामकाजी दिवसांत रद्द करायचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये दुकानाबाहेर झालेल्या करारांना साधारण १४ दिवस. भारतात असा सरसकट नियम नाही ना?

वकील_पाचपाखाडी

नाही. विमा पॉलिसीला फ्री-लूक आहे, डिजिटल कर्जाला कूलिंग ऑफ आहे, पण हॉलमध्ये विकलेल्या कोर्सला आपोआप मिळणारी मुदत नाही. म्हणून सही करण्याआधीचा कागद जास्त महत्त्वाचा. पैसे गेल्यावर काय करता येतं ते गरज पडली तर लिहीन. देव करो, पडू नये.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चाललीय. संस्थांची आणि ट्रेनरची नावं, फोन नंबर टाकू नयेत, ही विनंती. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

सानपाडा_सई

सगळ्यांचे आभार. आम्ही दोघं जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, पण तपशीलवार लिहिते.

हॉलमध्ये एसी इतका की बाबांनी पहिल्या तासात मफलर गुंडाळला. मी त्यांना २० सेल्सिअसचं सांगितलं तर म्हणाले, प्लँटमध्ये कंट्रोल रूमला हेच ठेवायचो, माणूस पेंगू नये म्हणून. सकाळी मोठ्याने गाणी, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या, शेजाऱ्याच्या तळहातावर टाळी देऊन 'मी श्रीमंतीला पात्र आहे'. बाबांच्या शेजारी कळव्याचे एक रिटायर्ड मास्तर होते. दोघांनी एकमेकांकडे बघून अत्यंत गंभीरपणे टाळी दिली.

तुर्भे_नाका, तुमचं जवळजवळ सगळं जुळलं. फक्त ठिपका नव्हता, गळ्यातल्या बॅजची दोरी दोन रंगांची होती. बाबांची सोनेरी, माझी निळी. दुसऱ्या दिवशी जेवण पावणेतीनला. त्याआधी किंमत, काट, पुन्हा काट, आणि खरोखर पाच-सहा जण धावले! त्यातला एक मुलगा सकाळी मला पार्किंग दाखवत होता.

मग टेबल. एक तिशीचा मुलगा बाबांची खुर्ची स्वतःकडे वळवून बसला, म्हणजे माझ्याकडे त्यांची पाठ. 'काका, तुम्ही शिफ्ट इनचार्ज होता, म्हणजे निर्णय तुमचाच चालायचा ना?' बाबा खूश. मी मध्ये बोलले तर मला, 'ताई, तुमचं लग्न झालंय ना? मग काकांच्या पैशाचं काकांना ठरवू द्या.' माझं डोकं सटकलं, पण गप्प बसले.

बाबांनी शांतपणे विचारलं, मगाशी स्लाइडवर उलव्याचा प्रकल्प दाखवलात, त्याचा रेरा नंबर काय? मुलगा म्हणाला, 'ते अॅडव्हान्स्ड मॉड्यूलमध्ये कव्हर होतं.' बाबांनी पुन्हा विचारलं, नंबर अॅडव्हान्स्ड कसा असेल? त्याने सिनिअरला बोलावलं. सिनिअर आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नंबर सोडून सगळं बोलले. अर्धा तास. मास्तरांना तोवर पलीकडच्या टेबलावर नेलं होतं.

शेवटी ५१ हजार टोकन मागितलं. बाबांनी खरंच फोन काढला! पण लिमिट पाच हजार होती (कोपरीकर, तुम्हाला मिसळ लागू). तेवढे गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, त्या मुलाचा चेहरा बघवेना, पाच हजारांनी सुटका झाली तर बरं. एका 'एनरोलमेंट फॉर्म'वर सही झालीय. मागे बारीक अक्षरांत 'कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही' आणि 'उर्वरित रक्कम सात दिवसांत देण्यास बांधील' असं आहे.

पाच हजार गेले तर गेले, पण त्या 'बांधील'ची धास्ती वाटतेय. नोटीस येईल का?

वकील_पाचपाखाडी

बरं, आता लिहितो.

आजच्या आज ईमेल करा. फॉर्मवरचा पत्ता आणि पावतीवरचा, दोन्हीवर, बाबांच्या ईमेलवरून. तीन वाक्यं पुरे : अमुक तारखेची एनरोलमेंट रद्द करत आहे, कोर्सची कोणतीही सेवा वा साहित्य घेतलेलं नाही, भरलेली रक्कम परत करावी आणि यापुढे फोन करू नये. कारणं, शिव्या, इतिहास काही नको. पोर्टलचा लॉगिन पाठवला असेल तर उघडू नका. नंतर 'सेवा वापरली' म्हणून तोच पुरावा काढतात.

'बांधील'ची धास्ती नको. न घेतलेल्या कोर्सच्या उरलेल्या फीसाठी कोर्टात जाणारा कोर्सवाला मी अजून पाहिलेला नाही. कोर्टात गेला तर त्यालाच हॉलमधला प्रकार सांगावा लागेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनफेअर काँट्रॅक्ट'ची व्याख्या आहे आणि एकतर्फी अटी त्यात बसू शकतात. मात्र एक बारकावा : अनफेअर काँट्रॅक्टची तक्रार जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात जाते. पाच हजारांसाठी ते नको. जिल्हा आयोगात 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' या मुद्द्यांवर जायचं.

आधी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याच कंपन्या तिथूनच पैसे सोडतात, कारण रेकॉर्ड होतं. नाही सोडले तर ई-जागृती पोर्टलवर ठाणे जिल्ह्यात तक्रार, तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही. दोन वर्षांची मुदत आहे, पण थांबू नका. समोरचा वकील म्हणेल, हा माणूस नफ्यासाठी आला, हा 'ग्राहक'च नाही. त्यावर उत्तर : पगार संपलेला माणूस स्वतःच्या उपजीविकेसाठी शिकायला आला होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. खोटी घाई, खोटी टंचाई दाखवण्यावर बोट ठेवलंय. प्रॉपर्टी कोर्सला लागू होतात की नाही यावर आम्ही वकील भांडू, पण ईमेलमध्ये उल्लेख केला तर समोरचा जरा जपून उत्तर देतो.

तुर्भे_नाका

भर : रद्द केल्यावर 'रिटेन्शन'चा फोन येईल. आधी रागावतील, मग 'फी ९५ हजार करतो', मग 'पुढच्या बॅचला अॅडजस्ट करतो'. अॅडजस्टला हो म्हणालात की रद्द केलेलं रद्द झालं.

डोंबिवली_फास्ट_लोकल

माझ्या मेहुण्याने तिथल्या तिथे 'नो कॉस्ट ईएमआय' घेतलाय, परवाच, ऐरोलीत. वेगळी संस्था बहुधा. त्याला काय करता येईल?

हिशेबनीस

घाई करा. अॅपवरून मिळालेलं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांत कूलिंग ऑफ आहे, किमान एक दिवस, काही कंपन्या तीन दिवस देतात. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. नक्की मुदत 'की फॅक्ट स्टेटमेंट'वर असते, ते पान ईमेलमध्ये शोधायला सांगा. त्याच्या हातात नसेल तर कर्ज कंपनीकडे मागा, देणं बंधनकारक आहे.

अडचण अशी की मुद्दल कोर्सवाल्याकडे गेलंय आणि फेडायचं मेहुण्याने. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी लिहायचं : कोर्सवाल्याला रद्द करतोय म्हणून, कर्ज कंपनीला सेवा घेतलेली नाही, वितरण परत मागवा म्हणून. दोघांना एकमेकांच्या ईमेलची प्रत जाऊ दे. हप्ता मात्र रागाने बुडवू नका, सिबिल त्याचं खराब होईल, त्यांचं नाही.

घोडबंदर_इन्व्हेस्टर

एवढं सगळं चुकीचं असतं तर इतके लोक का जातात? असो. माझा फ्लॅट मी विकणार नाही.

कोपरीकर

कुणी विका म्हटलं हो? सुखाने ठेवा. मिसळीला या, मामलेदार कचेरीपाशी. सई, तुम्ही पण.

सानपाडा_सई

अपडेट. ईमेल केला, १९१५ वर नोंद केली. फोन अगदी सांगितल्या क्रमाने आले : राग, ९५ हजार, अॅडजस्ट. बाबांनी तिन्ही वेळा 'ईमेल वाचा' एवढंच सांगितलं. काल पाच हजारांतून 'प्रोसेसिंग' कापून ४,१०० परत आले. वकीलसाहेब, ९०० रुपयांसाठी ताणू का?

मास्तरांनी मात्र पूर्ण फी भरलीय, कार्डाने. बाबांनी त्यांचा नंबर घेतला होता. त्यांना हा धागा पाठवलाय, पण ते म्हणतात, एकदा साइट व्हिजिट बघून ठरवतो.

आणि बाबांना प्रॉपर्टीचा नाद काही सुटलेला नाही. आता उलव्यात रिसेलचा वन बीएचके शोधतायत, भाड्याने द्यायला. रेरा, इंडेक्स टू, सिडकोची लीज, सगळं वहीत लिहून. नेरुळचे काका, तुमच्याकडे पाठवू का?

वकील_पाचपाखाडी

९०० सोडा. मास्तरांना सांगा, साइट व्हिजिटला जाण्याआधी रद्दचा ईमेल टाका. बसमध्ये चढलात की 'सेवा घेतली'. कार्ड असेल तर बँकेकडे डिस्प्यूटही टाका.

नेरुळचा_एजंट

पाठवा. येताना वही आणू दे. रिसेल आहे, म्हणजे आधी ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत वापरायच्या परवानगीचा दाखला) आलंय का बघा, सिडकोची ट्रान्सफर फी कोण भरणार ते तोंडी नको, आणि त्याच बिल्डिंगमधल्या शेवटच्या दोन-तीन व्यवहारांचे इंडेक्स टू आयजीआरच्या (सरकारी नोंदणी विभागाच्या) ई-सर्चवर काढून आणा. मालक सांगतो तो भाव नव्हे, रजिस्टर झालेला भाव. ब्रोकरेज मी घेणार, ते आत्ताच सांगून ठेवतो. बाकी उलव्याची चर्चा वेगळ्या धाग्यावर करा, तिकडे पाण्याच्या प्रेशरवरून पण बोलायचंय.